चूल न पेटवता

आज वारा असा की नोल्सॉयची बोट धक्क्यालाच बांधलेली,
दोर ताणला की करकरते, सैल झाला की गप्प.
ऑफिसात सर्व्हरही बंद. मुद्दाम.
रान्वा म्हणते, उठवू नकोस त्याला,
पान तपासायला दुकान उघडावं लागत नाही.

शितावरून भाताची परीक्षा, ठीक आहे,
पण इथे चूलच पेटलेली नाही.
मी साच्याच्या ओंजळीत चार दाणे टाकते:
नाव, तारीख, बोटीची वेळ, सामानाचं वजन.
तो ते जागच्या जागी बसवतो.
ब्राउझर नाही, पलीकडे कुणी ताटकळत नाही,
आणि एक अख्खं तिकीट
नुसत्या अक्षरांची लांब दोरी होऊन माझ्याकडे येतं.
मी ती चाचपत जाते,
जाळ्यातली सुटलेली गाठ
अंधारात बोटांनी शोधावी तशी.

प्रवासी सगळे माझेच, मीच जन्माला घातलेले.
एकाचं नाव चाळीस अक्षरी, चौकटीबाहेर पाय काढणारं.
एकीच्या नावात कोनदार कंस: पान मोडायलाच आलेली.
एक एकोणतीस फेब्रुवारीचा.
एक रिकाम्या हातांचा, ज्याला
‘० बॅगा’ म्हणून हिणवायचं नाही असं आमचं ठरलेलं.
पापणी लवायच्या आत चढतात, उतरतात.
हिरवा ठिपका. हिरवा ठिपका.
हिरवा.

वार्तिनी मला सुचली नव्हती.

ती जावाहून आली, होग्नीशी लग्न करून,
मासळीच्या कारखान्यात सुरी चालवते.
तिला नाव एकच. आईने ठेवलेलं,
पुढे काही जोडायची तिच्या घरी रीत नाही.
फॉर्मने आडनाव मागितलं, तिनं जागा मोकळी सोडली,
फॉर्म काही बोलला नाही.
आणि माझ्या साच्याने, इमानदारीत,
त्या मोकळ्या जागी यंत्राचा शब्द छापला:

प्रिय वार्तिनी नल

आमच्या बोलीत नल म्हणजे शून्य.
धक्क्यावर त्रिग्वीने ते मोठ्यांदा वाचलं.
लोक हसले. वाईट मनाने नाही, पण हसले.
नावापुढे पूज्य घेऊन ती अकरा महिने बोटीत बसली.
अकरा महिने माझे सगळे ठिपके हिरवे.

मग एका मंगळवारी दारात ओला रेनकोट,
टेबलावर घडी घालून घालून मऊ पडलेलं तिकीट.
‘एवढं पुसता येईल?’
मी म्हटलं, यंत्राची चूक.
ती म्हणाली, ‘होग्नीही तेच म्हणतो.
पण त्याला शिकवलं कोणी?’

दुरुस्ती एका ओळीची होती.
तरी आधी परीक्षा लिहिली, रान्वाचा नियम:
चूक तांबडी होऊन समोर उभी राहिल्याशिवाय
तिच्यावर हात टाकायचा नाही.
तांबडी झाली. बराच वेळ तशीच ठेवली.
रान्वा कॉफी घेऊन आली, पाहिलं,
काही न बोलता कप ठेवून गेली.

त्या परीक्षेला नाव हवं होतं.
खोटं सहज मिळालं असतं. तरी मी वार्तिनीला विचारलं,
तुझं घालू का?
‘म्हणजे मी रोज बोटीत बसणार?’
बोट नसते, म्हटलं. समुद्रही नसतो.
फक्त तुझं तिकीट तयार होतं,
आम्ही पाहतो नाव धड आलंय का,
आणि टाकून देतो.
‘कोणीच बघत नाही?’
कोणीच नाही.

तिने जरा विचार केला,
रेनकोटची वरची कडी लावली.
‘मग घाल,’ म्हणाली,
‘तिथे तरी मळमळणार नाही.’